गंजलेली टाकी आणि क्षरणाचा धडा



'लोखंड गंजण्यासाठी ऑक्सिजन आणि पाणी दोन्ही लागतात.' हे वाक्य आपण दरवर्षी शिकवतो. तीन परीक्षानळ्या, तीन खिळे, एक आकृती. मुलं उत्तर बिनचूक लिहितात. पण त्यांच्याच अंगणात एखादी जुनी गाडी उभी असते, किका मारून माणसं थकतात, आणि त्या गाडीचा या उत्तराशी काही संबंध आहे हे मुलांना कोणी सांगत नाही. या उन्हाळ्यात तो संबंध मला स्वतःच्या हातांनी जोडता आला, म्हणून लिहिते.

गाडी माझ्या वडिलांची, हिरो होंडा सीडी १००. हे मॉडेल १९८५ मध्ये आलं, अण्णांनी त्यानंतर काही वर्षांनी घेतलं. अण्णाही शिक्षक. चौदा किलोमीटरवरच्या शाळेत ते ऊनपावसात याच गाडीवर जायचे. काचबिंदूने नजर गेली आणि गाडी पडवीला लागली, ती सहा वर्षं. यंदा भाऊ म्हणाला, "भंगारात देऊन टाकू." अण्णा काही बोलले नाहीत. फक्त रोज सकाळी पडवीत जाऊन टाकीवरून हात फिरवायचे. मी भावाकडून आठ दिवस मागून घेतले.

आता बघा, बंद टाकीत पाणी येतं कुठून? अर्ध्या रिकाम्या टाकीत हवा असते, हवेत बाष्प असतं. रात्री पत्रा गार पडला की आतून दव धरतं. पाणी पेट्रोलपेक्षा जड, म्हणून ते तळाशी जाऊन बसतं. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, तेही ओलावा शोषून घेतं. झाले की दोन्ही घटक हजर! मग गंजाचे कण सुटतात, पेट्रोल कॉकची जाळी आणि कार्ब्युरेटरचा जेट तुंबतो आणि गाडी बंद.

पहिलं काम सुरक्षिततेचं, आणि ते मोठ्यांनीच करायचं. टाकी खोलून उघड्यावर नेली. शिल्लक पेट्रोल गटारात न ओतता कॅनमध्ये भरून गॅरेजवाल्याकडे दिलं. लक्षात ठेवा, भरलेल्या टाकीपेक्षा 'रिकामी' टाकी जास्त धोक्याची, कारण तिच्यात पेट्रोलची वाफ आणि हवा मिसळलेली असते. काडी, विडी, ठिणगी काही जवळ नको. साबणाच्या पाण्याने टाकी दोन-तीनदा धुतली. कॉक काढून तिथलं भोक रबरी बुचाने घट्ट बंद केलं.

नंतर सुटा गंज पाडायचा होता. थोड्या पाण्याबरोबर मूठभर नट आत टाकून टाकी हलवायची. नट मोजून टाका! मी ३० टाकले, बाहेर आले २९. टॉर्च लावून मी आत बघत बसले, काही दिसेना. अण्णा म्हणाले, "अगं, माझ्याकडे दे." त्यांनी टाकी कानाशी धरून हळूच कलती केली. "पुढच्या अंगाला, उजवीकडे अडकलाय. उलटी कर आणि डावीकडे झुकव." नट बाहेर पडला. त्यानंतर टाकी हलवण्याचं काम त्यांनी माझ्याकडे दिलंच नाही.

चिकटलेल्या गंजासाठी लिंबूसत्व, म्हणजे सायट्रिक आम्ल, किराणा दुकानात मिळतं. लिटरभर कोमट पाण्याला साधारण १०० ग्रॅम या हिशोबाने टाकी काठोकाठ भरली आणि झाकण न लावता रात्रभर ठेवली. झाकण का नाही? उघड्या लोखंडावर आम्लाची क्रिया होऊन थोडा हायड्रोजन वायू सुटतो, त्याला वाट हवी. गंज हे लोहाचं ऑक्साइड. आम्लाशी त्याची अभिक्रिया होऊन विरघळणारा क्षार आणि पाणी तयार होतं. सकाळी पाणी गढूळ तपकिरी झालं होतं. संडास साफ करायचं हायड्रोक्लोरिक आम्ल मात्र वापरू नका, ते गंजाबरोबर पत्राही खातं.

मग खाण्याच्या सोड्याचं पाणी. फसफस झाली, म्हणजे उरलेल्या आम्लाचं उदासिनीकरण चाललं होतं. फेस थांबल्यावर स्वच्छ पाण्याने धुऊन टाकी लगेच कडक उन्हात ठेवली. इथे वेळ घालवून चालत नाही, स्वच्छ झालेला ओला पत्रा तासाभरात पुन्हा तांबूस होऊ लागतो. पूर्ण सुकल्यावर आत थोडं ऑइल फिरवलं. तेलाचा थर म्हणजे हवा आणि पाणी दोघांनाही मज्जाव. अण्णांनी तोंडातून बोट घालून आतला पत्रा चाचपला आणि म्हणाले, "गुळगुळीत आहे. भोक नाही." कधीकधी गंजानेच भोक बुजलेलं असतं, म्हणून ही तपासणी हवीच.

कार्ब्युरेटर मेकॅनिककडून साफ करून घेतला, पेट्रोलच्या नळीत फिल्टर बसवला. सातव्या किकला गाडी सुरू झाली. आवाज ऐकून अण्णा म्हणाले, "आयडलिंग जरा वाढव." भावाने भंगाराचा विषय पुन्हा काढला नाही. आता आरटीओत नोंदणीचं नूतनीकरण करायचं आहे, तोवर गाडी अंगणातच आहे.

वर्गात टाकी नेता येत नाही, नेऊही नये. मी ते तपकिरी पाणी बाटलीत नेलं. शिवाय गंजके खिळे लिंबूसत्वात, दुसरे साध्या पाण्यात आणि तिसरे तेल लावून उघड्यावर ठेवले. रोज निरीक्षण, आठवड्याने निष्कर्ष. खर्च वीस-तीस रुपये.

पालकांनो, तुमच्याकडे एक विनंती. घरातली जुनी वस्तू दुरुस्त करताना मुलांना 'अभ्यास कर, जा' म्हणून आत पाठवू नका. आणि ती वस्तू ज्यांनी आयुष्यभर वापरली, त्या आजोबांनाही जवळ बसवा. दिसत नसलं तरी त्यांना बरंच कळतं. प्रयोग करून पाहा आणि मुलांनी काय प्रश्न विचारले ते जरूर कळवा.