निकाल कधी लावायचा?

शिक्षणातल्या एखाद्या नव्या प्रयोगाबद्दल वाचलं की माझे दोन प्रश्न ठरलेले असत : मुलांचे गुण वाढले का, आणि वाढलेले टिकले का? टिकले नसतील, तर माझ्या लेखी तो प्रयोग संपला. अंगणवाडीवरच्या खर्चाकडेही मी याच नजरेने पाहायचो. हे मत मी बरीच वर्षं चारचौघांत ठासून मांडलं. आता ते माझं राहिलेलं नाही.

ते प्रथम डळमळलं अमेरिकेतल्या इप्सिलांटी या गावच्या अभ्यासाने. १९६२ पासून डेव्हिड वायकार्ट आणि सहकाऱ्यांनी तिथल्या गरीब कृष्णवर्णीय घरांतली तीन-चार वर्षांची १२३ मुलं घेतली. ५८ जणांना रोज सकाळी अडीच तासांचा बालवर्ग, शिवाय आठवड्याला शिक्षिकेची घरभेट. उरलेल्या ६५ जणांना यातलं काही नाही. बालवर्गातल्या मुलांचा बुद्ध्यंक भराभर वाढला. पण आठव्या वर्षापर्यंत दोन्ही गट जवळजवळ सारखे झाले. मी असतो तर तिथेच फाइल बंद केली असती. त्यांनी केली नाही. मुलं चाळिशीला आली तेव्हा वर्षाला २० हजार डॉलरहून जास्त कमावणारे पहिल्या गटात ६० टक्के होते, दुसऱ्यात ४०. पाच किंवा अधिक वेळा अटक झालेले पहिल्यात ३६ टक्के, दुसऱ्यात ५५.

गुण विरले, मग टिकलं काय? टेनेसी राज्यातल्या ‘स्टार’ प्रयोगाने थोडा उलगडा केला. तिथे १९८५ पासून ७९ शाळांत, कोणतं मूल कुठल्या वर्गात बसणार हे केवळ योगायोगावर सोपवलं होतं. पुढे राज चेट्टी आणि सहकाऱ्यांनी त्या मुलांचा बालवर्ग त्यांच्या मोठेपणीच्या कमाईशी ताडून पाहिला. चांगल्या वर्गाचा गुणांवरचा परिणाम मधल्या इयत्तांत मावळला होता. पंचविशीनंतरच्या कमाईत तो पुन्हा दिसला. चौथी-आठवीच्या शिक्षकांनी नोंदवलेल्या मेहनतीत आणि वागण्यात मात्र तो मधल्या काळातही होताच.

म्हणून मी दुसऱ्या टोकाला गेलेलो नाही. ‘फळ उशिरा येईल’ ही पळवाट कुठल्याही वाईट शाळेला सोयीचीच. टेनेसीतच सरकारी बालवर्गात सोडतीने प्रवेश मिळालेली मुलं वर्षाअखेर पुढे होती. सहावीत मात्र प्रवेश न मिळालेल्यांपेक्षा गुणांत मागे पडली, आणि बेशिस्तीच्या नोंदीही त्यांच्याच नावावर जास्त. थांबून पाहिलं की नुकसानही दिसतं. शिवाय १२३ मुलांवरून जगाचं ठरवू नये.

गुण मी अजूनही पाहतो. तिसरीतल्या मुलाला वाचता येत नसेल, तर तो आजचा प्रश्न आहे. पण प्रयोग साधला की फसला, हे पहिल्या दोन परीक्षांवरून सांगणं मी सोडलं. मुलं नियमित येतात का, अडलं तर विचारतात का, हेही आता बघतो. आपल्याकडे योजनेचा हिशेब मार्चअखेरीला मागतात आणि पुढच्या मार्चला योजनाच दुसरी असते. त्यामुळे नव्या योजनेबाबत माझा पहिला आग्रह साधा आहे : तिच्यात आलेल्या आणि न आलेल्या मुलांची यादी नीट जपा, वीस वर्षांनी लागेल.