थंड रात्रीचे ऋण

माळव्यात जन्मलेल्या माणसाला आपल्या रात्रीचा मोठा अभिमान असतो. बनारसची सकाळ, अवधची सायंकाळ आणि माळव्याची रात्र ही वाखाणणी आपण सर्वच लहानपणापासून ऐकत आलो आहोत. धारला आमच्या वाड्याच्या गच्चीवर वैशाखातही उत्तररात्री पांघरूण ओढावे लागे. परंतु ही थंड रात्र एखाद्या पिकाचे भाग्य ठरवीत असेल, हे मला वयाची पंचावन्न वर्षे उलटल्यावर, तेही नाशिक जिल्ह्यातील दिंडोरी तालुक्यात, उमगले.

दिंडोरीनजीकच्या एका खेड्यात माझी धाकटी बहीण दिलेली आहे. शाळेच्या सुट्ट्या सांभाळून मी जाई तो दिवाळीत किंवा मे महिन्यात; त्यामुळे वेलीवर घड कधी पाहिलेच नव्हते. मागे एका लग्नाच्या निमित्ताने माघात गेलो. बागेत बारीक मण्यांचे काळेभोर घड लटकत होते. “ही कोणती द्राक्षे?” असे विचारताच बहीण गप्प झाली. भाचाच म्हणाला, “मामा, ही शिराज. तांबड्या वाइनची.”

हे तिने इतकी वर्षे माझ्यापासून का लपवले, ते मला विचारावे लागले नाही. आमचे वडील दारूपायी गेले.

दुसऱ्या दिवशी पहाटे तोडणी होती. अंगावर शाल घेऊन मीही बांधावर जाऊन उभा राहिलो. ऊन चढण्यापूर्वी, मणी गार आहेत तोवर, माल क्रेटमध्ये भरून कारखान्याकडे धाडावा लागतो. काम करता करता भाचा मला शिकवीत होता आणि मी, आयुष्यभर शिकवणारा, ऐकत होतो. बहुतेक काळ्या द्राक्षांचा रस मुळात जवळजवळ रंगहीनच असतो. रंग आणि तुरटपणा असतो तो सालीत. म्हणून तांबड्या वाइनसाठी रस सालींसह कित्येक दिवस आंबवतात. दिवसाचे ऊन साखर भरते. रात्रीचा गारवा आंबटपणा राखतो आणि सालीचा रंग टिकवतो. दिवस-रात्रीच्या तापमानात अंतर पुरेसे नसेल, तर साखर धावत पुढे जाते आणि बाकीचे गुण मागे राहतात.

यासाठीच जगात द्राक्षवेल डोंगर चढत गेली. दर हजार मीटर उंचीला हवा साधारण साडेसहा अंशांनी थंडावते, आणि प्रखर किरणांमुळे साल जाड व गडद होते. अर्जेंटिनात अँडीज पर्वताच्या कुशीत मेंडोझाकडील कित्येक मळे हजार मीटरच्या वर आहेत. साल्टा प्रांतात तर तीन हजार मीटरवरही आहेत. त्यापुढे नाशिकचे सहाशे मीटर किंवा आपल्या धारचे साडेपाचशेहून थोडे अधिक मीटर म्हणजे केवळ पायरी. पण विषुववृत्ताच्या इतक्या जवळ ही पायरीही मोलाची. शिवाय आपल्याकडे वेल थंडीत झोपत नाही, म्हणून शेतकरी तिला दोनदा छाटतो: उन्हाळ्याच्या तोंडी खरड छाटणी आणि पावसाळ्यानंतर गोडी छाटणी. अशा रीतीने फळ कोरड्या, थंड रात्रींत पिकते.

भाषेच्या शिक्षकाला येथे कौटिल्य आठवणे साहजिकच होते. त्याने सुराध्यक्षाच्या प्रकरणात द्राक्षरसाच्या मद्याला ‘कापिशायन’ असे नाव दिले आहे, आणि पाणिनीनेही तो शब्द साधला आहे. कापिशी म्हणजे हिंदुकुशाच्या पायथ्याचा थंड प्रदेश. महाराष्ट्रात मात्र या धंद्याला खरी चालना अलीकडची. १९८०च्या दशकात नारायणगावी श्यामराव चौगुले यांनी आरंभ केला, २०००च्या सुमारास राजीव सामंत यांनी नाशिकला कारखाना काढला, आणि २००१मध्ये राज्य शासनाने द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण आखले. त्याच भरात बहिणीच्या यजमानांनी दोन एकर लावले. २००९च्या मंदीत करार असूनही कारखान्याने माल उचलला नाही. त्या वर्षी एक एकर वेली त्यांनी स्वतःच्या हाताने उपटल्या. उरलेल्या एकरावर भाच्याचे शिक्षण झाले.

संध्याकाळी ओसरीवर बसलो असता मी कौतुकाने म्हणालो, “आपल्या माळव्याच्या रात्रीसारखीच रात्र आहे ग ही!”

ती म्हणाली, “दादा, तुला गच्चीवरची रात्र आठवते. मला ओट्यावरची.”

मला उत्तर सुचले नाही. वडिलांची वाट पाहत आठ-नऊ वर्षांची ती ओट्यावर बसून राही, आईने हाका मारल्या तरी उठत नसे. मी अभ्यासाचे निमित्त करून गच्चीवर निजलेला असे. त्या गारव्याचे मी पुढे निबंधांतून गुणगान केले, बक्षिसेही मिळवली.

“वेली लावल्या तेव्हा मी महिनाभर बागेत पाऊल टाकले नाही,” ती म्हणाली. “मग पाण्याची पाळी चुकू लागली, तशी गेले.”

वाइन मी चाखली नाही, पुढेही चाखणार नाही. बहिणीच्या घरातही बाटली नाही. पण निघण्याच्या दिवशी बागेतून एक घड तोडून तिने माझ्या हातावर ठेवला. मणी बारीक, बिया पुष्कळ, साल जाड, गोडीच्या मागून येणारा तुरटपणा. आम्ही दोघांनी बांधावर बसून तो संपवला. वडिलांविषयी आम्ही दोघे मोकळेपणाने बोललो, ते आयुष्यात प्रथम त्याच सकाळी.

येत्या माघात रजा काढून पुन्हा जाणार आहे. तोडणीला माणसे कमी पडतात, असे भाच्याने कळवले आहे.