अम्लाची उलटी वाट

देहाचा भार उतरविण्यासाठी जठराचाच सुमारे तीनचतुर्थांश भाग कायमचा काढून टाकावयाचा, ही कल्पना आमच्या प्रकाशा गावातील जुन्या माणसांना एकेकाळी रुचली नसती. परंतु 2011 साली नितीन गडकरी यांनी मुंबईत वजन घटविण्याची शस्त्रक्रिया करून घेतल्याचे वर्तमानपत्रांतून आले, तेव्हापासून हा विषय आमच्याकडील ओट्यांवरही निघू लागला. पुढे माझ्या मावसभावाने, मधुमेह आणि गुडघेदुखी यांनी गांजून, मोठ्या शहरात जाऊन ती करून घेतली. त्याचे इन्सुलिन सुटले, आणि केदारेश्वराच्या घाटाच्या पायऱ्या तो पुन्हा चढू लागला. तेव्हा या उपचाराची निंदा करण्याचा अधिकार मला पोहोचत नाही.

काही काळाने त्याला खोकला जडला. नंदुरबारकडे मिरचीच्या पथाऱ्या पडल्या की हवेलाच ठसका असतो, म्हणून घरच्यांनी तिकडे दुर्लक्ष केले. मध्यरात्री घशाशी आंबट पाणी येऊन तो दचकून उठे, सकाळी त्याचा आवाज बसलेला असे. या साऱ्याची संगती फार उशिरा लागली. आता त्याच्या खाटेच्या उशाकडील पायांखाली विटा लावल्या आहेत, आणि सूर्यास्तानंतर तो अन्नाला शिवत नाही.

जठराचा वरचा घुमटाकार भाग म्हणजे केवळ अन्नाची कोठी नव्हे. घास येताच सैल होऊन त्याला सामावून घेणे हे त्याचे मूक कर्तव्य होय, आणि अन्ननलिका त्याला ज्या तिरकस कोनात मिळते तो कोनही अम्लाला वर येऊ देत नाही. स्लीव्ह नामक शस्त्रक्रियेत हा घुमट जातो आणि मागे अरुंद, ताठर नळी उरते, जिच्या खालच्या तोंडाची झडप मात्र पूर्वीसारखीच आवळलेली असते; मग तापीला पूर आला म्हणजे तिला मिळणाऱ्या गोमाईचे पाणी जसे मागे तुंबते, तसे अम्ल दाबाने उलट्या वाटेने चढते. अम्लपित्तात हृदय व कंठ यांचा दाह होतो हे माधवनिदानात नोंदलेले आहे. परंतु त्या ग्रंथकर्त्यापुढे जे जठर होते ते अखंड होते.

फिनलंडमधील 10 वर्षांच्या पाठपुराव्यात अन्ननलिकेचा दाह स्लीव्ह झालेल्यांपैकी सुमारे 31 टक्क्यांत, तर बायपास, म्हणजे जठराचा बहुतेक भाग वगळून अन्नाला थेट आतड्याकडे वळविणारी दुसरी शस्त्रक्रिया, झालेल्यांपैकी सुमारे 7 टक्क्यांतच आढळला. दीर्घ दाहाने अन्ननलिकेचे अस्तर पालटते, त्या अवस्थेला बॅरेट यांचे नाव आहे आणि तिच्यातून क्वचित कर्करोग उद्भवतो. सुदैवाने ती दोन्ही गटांत सुमारे 4 टक्के एवढीच होती. तथापि जळजळ जाणवत नसतानाही आत दाह असू शकतो, म्हणून वजन घटविण्याच्या शस्त्रक्रियांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने 2020 साली स्लीव्हनंतर वर्षाने, व पुढे दर 2-3 वर्षांनी, दुर्बिणीच्या तपासणीची शिफारस केली. आमच्या तालुक्यात किती जणांना ती ताकीद मिळते?

माझी तक्रार आहे ती शस्त्रक्रियेआधीच्या कैफियतीविषयी. भरीत-भाकरीनंतर छातीत जळजळते म्हणून माझा मावसभाऊ कित्येक वर्षे सोडा घेत होता. ती हकीकत त्याला कोणी विचारली नाही, आणि कागदांवर त्याची सही मात्र घेतली गेली. ती विचारली असती, तर कदाचित आरंभीच बायपासचा विचार झाला असता.

परवाच्या तपासणीत त्याचे अस्तर पालटलेले दिसले नाही. दाह मात्र आहे, आणि स्लीव्हचे बायपासमध्ये रूपांतर करावे असा सल्ला मिळाला आहे. जन्मभर जीवनसत्त्वांच्या गोळ्या चुकवून चालणार नाहीत, हेही या खेपेस त्याला मराठीत समजावून सांगण्यात आले आहे. निर्णय त्याने अद्याप घेतलेला नाही. मीही त्याला घाई करीत नाही.