बर्फातला धुरा

विनिपेगमध्ये पारा उणे ३०पर्यंत उतरला की पहिल्याच श्वासाला नाकातले केस ताठ होतात. रात्री गाडीच्या ब्लॉक हीटरची वायर प्लगला लावून ठेवायची, नाहीतर थिजलेल्या तेलात इंजिन सकाळी जागचं हलत नाही. भंडाऱ्याचा मे महिना ४५ अंशांचा; पण माठ, वाळा आणि दुपारची झोप यांवर तो निभतो. इथली थंडी टाळायची म्हटलं तर अर्धं वर्ष दार लावून बसावं लागेल.

अशा वेळी मला गोठणगावचे तिबेटी आठवतात. १९७२मध्ये इटियाडोह धरणाच्या परिसरात त्यांची नोर्ग्येलिंग वसाहत झाली. तेव्हा तो मुलूख भंडारा जिल्ह्यातच होता. गोंदिया वेगळा झाला १९९९मध्ये. जव आणि याकच्या पठारावरची ही माणसं झाडीपट्टीच्या उन्हात, डासांत येऊन पडली. परतीची वाट बंद. ती बांधीत उतरली, धान लावायला शिकली. लहानपणी पाहिलेल्या एक आजी अजून डोळ्यांपुढे आहेत: भर उन्हाळ्यात घोट्यापर्यंतचा चुबा, डोक्यावर ओला पंचा आणि उजव्या हातात फिरतं प्रार्थनाचक्र. परकं हवामान नुसतं सोसून आपलं होत नाही, तिथलं काम हाताला लागावं लागतं, हे मी त्यांच्याकडे पाहून मानत आलो आहे.

माझ्या हाताला फावडं लागलं. ताजा बर्फ उचलायचा नाही, ढकलत न्यायचा. उद्यावर टाकला की पायांखाली दबून त्याचा दगड होतो. फार कडक थंडीत मीठही त्याला वितळवत नाही; वाळू पसरावी लागते. निसरड्या फुटपाथवर चालणं मात्र मला कुणी शिकवावं लागलं नाही. रोवणीत ओल्या धुऱ्यावरून चालतो तसंच ते: लहान पावलं, गुडघे सैल, भार पुढच्या पायावर. असिनीबॉइन नदी गोठते आणि लोक तिच्यावर स्केटिंग करतात. वैनगंगेकाठच्या माणसाला तिच्यावर पाऊल टाकताना छातीत धडधडतंच.

टोरंटोच्या पार्कडेल भागात आता तिबेटी लोकांची मोठी वस्ती आहे. भारतातल्या वसाहतींतून आलेली अनेक कुटुंबं तिथे राहतात. त्यांच्यात नोर्ग्येलिंगचं कुणी भेटलं, तर मला त्यांना मराठीतच विचारायचं आहे: यंदा धान कसं झालं, इटियाडोह भरला का?