ऐकू येतं, पण कळत नाही : कान, मेंदू आणि इंग्रजी

आज मधुमेह नाही, रक्तदाब नाही. आज अशा एका तक्रारीबद्दल बोलू या, जी ओपीडीत क्वचित येते, पण घरोघरी असते.

मी मूळचा आसगावचा. भंडारा जिल्ह्यातलं, पवनी तालुक्यातलं धानाच्या बांध्यांचं गाव. मागच्या खेपेला गावी गेलो तेव्हा ओळखीचे एक शेतकरी मुलीला घेऊन घरी आले. मुलगी बी.एस्सी. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला. म्हणाले, "डॉक्टरसाहेब, पोरीचे कान पाहून द्या जी. कॉलेजात शिकवते ते तिले काहीच आयकू येत नाही म्हणते. शिक्षण सोडतो म्हणते."

मी कान पाहिले. मळ नव्हता, पडदा चांगला होता. तिच्या पाठीमागे उभा राहून मराठीत कुजबुजलो. तिनं प्रत्येक शब्द बरोबर सांगितला. मग एक साधं वाक्य इंग्रजीत, नेहमीच्या वेगाने बोललो. ती गप्प. तेच वाक्य कागदावर लिहून दिलं, तर लगेच अर्थ सांगितला.

"ऐकू येतं सर," ती हळूच म्हणाली, "कळत नाही."

हे वाक्य मला नवीन नव्हतं. मीही मराठी माध्यमाचा. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून सुरू व्हायचं आणि तेही मराठीतूनच शिकवलं जायचं. मेडिकलला गेलो तेव्हा पहिले काही महिने लेक्चरमध्ये नुसती मान डोलवायचो आणि रात्री पुस्तकातून सगळं नव्याने वाचायचो. परीक्षा निघाल्या, म्हणून वाटलं प्रश्न सुटला.

तो सुटला नव्हता. पुढे नवीन डॉक्टर म्हणून रात्रपाळीला असताना सीनियरांनी फोनवर एका पेशंटचा इन्सुलिनचा डोस सांगितला. मला 'फिफ्टी' ऐकू आलं. मी सिस्टरना तसं सांगितलं. त्या थांबल्या. "डॉक्टर, वन-फाइव्ह की फाइव्ह-झीरो? परत विचारा." पुन्हा फोन करायची मला लाज वाटत होती, तरी केला. डोस पंधरा युनिट होता. पन्नास दिले असते तर त्या पेशंटची साखर जीवघेणी खाली जाऊ शकली असती. त्या सिस्टरांचे उपकार मी विसरलेलो नाही.

असं का होतं?

कान आवाज पकडतो. त्या आवाजाचे शब्द करतो तो मेंदू. आणि मेंदूला लहानपणापासून ज्या भाषेची सवय, त्याच भाषेचे साचे त्याच्याकडे तयार असतात.

१९८४ साली कॅनडातल्या जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस या संशोधकांनी इंग्रजी बोलणाऱ्या घरांतल्या बाळांना हिंदीतले 'त' आणि 'ट' यांसारखे उच्चार ऐकवले. सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना त्यांतला फरक कळत होता. दहा ते बारा महिन्यांच्या बहुतेक बाळांना तो कळेनासा झाला. म्हणजे जो फरक आपल्याला लख्ख ऐकू येतो, तो त्यांना वर्षभरातच ऐकू येईनासा होतो. आपलंही तसंच. इंग्रजीतले दोन वेगळे 'व' आपल्याला एकच वाटतात.

दुसरं कारण जोर. मराठीत आपण बहुतेक अक्षरांना सारखा न्याय देतो. इंग्रजीत एका अक्षरावर जोर पडतो आणि बाकीची आक्रसतात. आपण पुस्तकातून 'कम्फर्टेबल' शिकतो, समोरचा 'कम्फ्टबल' म्हणतो. 'व्हेजिटेबल'चं 'व्हेज्टबल' होतं. 'फिफ्टीन' आणि 'फिफ्टी' यांतला मोठा फरकही जोराचाच: पहिल्यात तो बहुधा शेवटी, दुसऱ्यात सुरुवातीला. आपण डोळ्यांनी शिकलेला शब्द कानाने शोधत बसतो आणि तोवर बोलणारा तीन वाक्यं पुढे गेलेला असतो.

यात बुद्धी कमी असण्याचा काही संबंध नाही.

मग उपाय काय?

मोठेपणीही मेंदू नवे साचे बनवतो, फक्त सराव नेमका हवा. मी त्या मुलीला जे लिहून दिलं, तेच तुम्हाला सांगतो. रोज १५ ते २० मिनिटं पुरेत.

१. एक मिनिटाचा तुकडा निवडा, ज्याचा मजकूर लिहिलेला मिळेल. आधी मजकूर न पाहता दोनदा ऐका.

२. जे ऐकू आलं ते लिहा. शाळेतल्या शुद्धलेखनासारखं. चुकलं तरी लिहा.

३. आता मजकुराशी ताडून पाहा. जो शब्द वाचून येतो पण ऐकताना निसटला, त्याखाली रेघ मारा. तुमचं खरं दुखणं तिथे आहे.

४. पुन्हा ऐका आणि बोलणाऱ्याच्या मागोमाग मोठ्याने म्हणा. तोच तुकडा तीन दिवस.

५. आवाज बदलत राहा. जपानी लोकांना इंग्रजीतले 'र' आणि 'ल' वेगळे ऐकायला शिकवताना असं दिसलं, की अनेक माणसांच्या आवाजात सराव केला तर नव्या माणसाचं बोलणंही जास्त कळतं. एकाच सरांचे व्हिडिओ ऐकून भागत नाही.

६. सिनेमा पाहताना खाली इंग्रजी ओळी ठेवा, मराठी किंवा हिंदी नको. आपल्या भाषेतल्या ओळी दिसल्या की आपण वाचतो आणि कान सुट्टीवर जातो.

७. विषय आधी माहीत असू द्या. मी आकाशवाणीच्या मराठी बातम्या आधी ऐकायचो, मग रात्री ९ च्या इंग्रजी. काय सांगणार आहेत हे ठाऊक असलं की शब्द आपोआप उलगडतात. नर्सिंगच्या मुलीने उद्याचा धडा आज रात्री वाचून जावा, तो याचसाठी.

हेडफोनचा आवाज मात्र मध्यमच ठेवा. आवाज वाढवून न कळलेला शब्द कळत नाही, कान तेवढे खराब होतात.

कान कधी तपासायचे?

मराठीही पुन्हापुन्हा विचारावी लागत असेल, टीव्हीचा आवाज घरच्यांना मोठा वाटत असेल, कानात सतत शिटी वाजत असेल, तर ऑडिओमेट्री करून घ्या. पन्नाशीनंतर बारीक, उंच आवाज आधी कमी ऐकू येतात. 'स', 'फ' यांसारखे उच्चार त्यातच मोडतात. तेव्हा 'आवाज येतो पण शब्द कळत नाही' ही तक्रार वयस्कर माणसाने केली, तर ती कानाचीही असू शकते. आणि एका कानाने अचानक, एक-दोन दिवसांत ऐकू येईनासं झालं, तर थांबू नका. त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा, उपचार लवकर झाले तर फायदा होण्याची शक्यता जास्त असते.

त्या मुलीच्या वडिलांना मी सांगितलं, "भाऊ, कान चांगले आहेत. सहा महिने द्या तिला." तिला मात्र आणखी एक गोष्ट सांगितली, जी कुठल्याही सरावाआधीची आहे. वॉर्डमध्ये औषधाचं नाव किंवा आकडा नीट कळला नाही, तर मान डोलवू नकोस. 'वन-फाइव्ह की फाइव्ह-झीरो' असं विचार. कोणी हसलं तर हसू दे.

परवा तिचा फोन आला होता. लेक्चर अजून अर्धंच कळतं म्हणाली. पण कॉलेज सोडलेलं नाही, आणि आता वर्गात हात वर करून विचारते.

तुम्हीही विचारा. दवाखान्यात डॉक्टरांचं बोलणं कळलं नाही, तर आम्हालासुद्धा.