गाठीची कड

तोंडाच्या कर्करोगाची स्लाइड आली की मी आधी गाठीची कड शोधते. निदान मधल्या भागातही होतं. केरॅटिनचे गुलाबी मोती, वेडीवाकडी केंद्रकं पुरेशी असतात. पण गाठ कशी वागणार हे कड सांगते. तिथे एकट्यादुकट्या, फार तर तीन-चारच्या टोळक्यातल्या पेशी सुटून पुढे घुसलेल्या असतात. भोवतालचे फायब्रोब्लास्ट, एरवी जखम भरून काढणाऱ्या पेशी, लांबट आणि दाट होऊन त्यांच्याच बाजूला गेलेले दिसतात.

हे संगनमत आहे. कर्कपेशी टीजीएफ-बीटा हे संदेश देणारं प्रथिन सोडते. फायब्रोब्लास्ट बदलतो आणि उलट तिलाच वाढीचे संदेश धाडतो. ती व्हीईजीएफ हे दुसरं प्रथिन सोडते, की जवळच्या रक्तवाहिनीला नवे फाटे फुटतात. अंगावर पीडी-एल१ हे प्रथिन आणते, की मारायला आलेली रोगप्रतिकारक टी-पेशी थबकते. अशा थबकलेल्या पेशींना पुन्हा कामाला लावता येतं, हे दाखवणाऱ्या जेम्स ॲलिसन आणि तासुकू होंजो यांना २०१८ चं नोबेल मिळालं. रोजच्या गुलाबी-जांभळ्या रंगात हे संदेश दिसत नाहीत, त्यांचे परिणाम तेवढे दिसतात. म्हणून तर कडेवर नजर रोखावी लागते.

लंडनच्या स्टीफन पॅजेट यांनी १८८९ मध्येच बी आणि जमिनीचा दाखला दिला होता: नुसतं बी असून भागत नाही, जमीनही मानवावी लागते. आमच्या मराठवाड्यात ही जमीन सुपारी आधीच बिघडवून ठेवते. सुपारीतल्या अरेकोलिनमुळे गालाच्या अस्तराखाली कोलॅजन साचत जातं, आणि इथेही टीजीएफ-बीटाचाच हात असतो. स्लाइडवर तो सपाट, काचेसारखा गुलाबी पट्टा दिसतो. त्यात रक्तवाहिन्या आवळलेल्या, वरचं अस्तर झिजून पातळ झालेलं. गाठ अजून नसते, पण शेजार बदललेला असतो. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी हे पट्टे मला आजही दिसतात, तेही ऐन विशी-तिशीतल्या मुलांच्या गालात. त्याचं फार वाईट वाटतं.

तिखट खाताना तोंड भगभगत असेल, उभी तीन बोटं तोंडात जात नसतील, तर सुपारी आजच सोडा. दुखत नाही म्हणून थांबू नका. छत्रपती संभाजीनगरला घाटी रुग्णालयाच्या आवारात शासकीय दंत महाविद्यालय आहे. तिथे जाऊन तोंड दाखवून घ्या.