उबेत आंबलेली लागर

बिअर म्हटलं की मला एवढंच ठाऊक: ती गार असावी, पिवळी असावी आणि सोबत चखण्याला खारे शेंगदाणे असावेत. पुण्यात 2009 साली डूलॅली ही मायक्रोब्रुअरी सुरू झाली, पुढे मुंढवा-कोरेगाव पार्क भागात एकामागून एक मायक्रोब्रुअरी निघाल्या, तरी मी आपला बाटलीवरच खूश होतो. शेवटी भाच्याने मुंढव्याला ओढून नेलं आणि माझी ऑर्डर परस्पर देऊन टाकली. "मामा, तू हॉपी लागर घे. उबेत आंबवलेली आहे."

लागर, तीही उबेत आणि वर हॉपी! यातलं काय कशामुळे, काही उमगेना.

ग्लास आला. रंग फिकट सोनेरी, किंचित धूसर; बोटभर पांढरा फेस काचेला धरून राहिलेला. नाक जवळ नेलं तर पपनसाच्या सालीचा वास आणि मागून ओल्या गवताचा. फळाचा गोडवा येणार अशा तयारीने मोठा घोट घेतला. गोडव्याचा पत्ताच नाही! तोंडात हलकी, कोरडी, चटकन उतरणारी. आणि उतरल्यावर जिभेच्या मागच्या बाजूने कडूपणा सावकाश वर आला. कारल्याचा पहिला घास घेतल्यावर होतो तसा माझा चेहरा झाला असावा, कारण भाचा हसायला लागला.

काचेपलीकडे स्टीलच्या टाक्या होत्या. तिथल्या ब्रुअरला विचारलं, "अहो, ही लागर असून अशी कशी?" त्याने न कंटाळता समजावलं. लागर ठरते ती यीस्टवरून. हे यीस्ट एरवी 8 ते 13 अंश सेल्सिअसला संथपणे आंबवतं आणि मग बिअर शून्याच्या आसपास काही आठवडे मुरत पडते. तेच काम 18 अंशांच्या आसपास केलं तर लवकर उरकतं. मात्र ऊब वाढली की यीस्ट फळांसारखे वास सोडू लागतं, म्हणून उबेतही स्वच्छ राहणारी जात निवडावी लागते. जर्मनीची डब्ल्यू-34/70 ही त्यासाठी नावाजलेली. "पुण्याच्या एप्रिलमध्ये टाकी गार ठेवणं म्हणजे काय, ते आमच्या चिलरला विचारा," तो म्हणाला.

मग पपनस कुठून आलं? हॉप्समधून. हॉप्स ही एका वेलीची फुलं. आपल्याकडे हिमाचलातल्या लाहौलमध्ये ती पिकतात. उकळताना घातली तर कडूपणा देतात, आंबवण झाल्यावर गार टाकीत घातली तर मुख्यतः सुगंध. इथे दोन्ही वेळा घातली होती.

हा प्रकार अगदी नवाही नाही. एकोणिसाव्या शतकात कॅलिफोर्नियात बर्फाची वानवा होती, तेव्हा तिथले लोक लागरचं यीस्ट उबेतच आंबवत. त्या बिअरला स्टीम बिअर म्हणत. 2018 मध्ये पोर्टलंडच्या वेफाइंडर ब्रुअरीत केव्हिन डेव्ही यांनी लागरचं यीस्ट, थोडी ऊब आणि भरपूर हॉप्स असा मेळ घालून कोल्ड आयपीए नावाची बिअर काढली. माझ्या ग्लासातली त्याच घराण्यातली.

एवढं ऐकून पुन्हा छोटा घोट घेतला, आधी हुंगून. कडूपणा तेवढाच होता, पण आता तो कुठून येतो ते कळत होतं, आणि खाऱ्या शेंगदाण्यांबरोबर तर तो चक्क बरा लागला. भाच्याच्या तिखट चिकनबरोबर मात्र जीभ दुप्पट भाजली.

माझा निकाल असा: उन्हाळ्याच्या संध्याकाळी एक ग्लास उत्तम, दुसऱ्याची गरज नाही. तुम्ही पहिल्यांदा जाणार असाल तर आधी सॅम्पलर मागा, तिखट टाळा आणि बर्फासारखी गार पिऊ नका, वास मरतो. राज्यात बिअरसाठी वयाची अट 21 वर्षांची आहे. आणि परतताना गाडी रिक्षावाल्याच्या हाती असू द्या.